पाऊस गेल्यावर आगर आवरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या एका ताईंचं सासरचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आठ-नऊ गुंठ्यांचं आगर, म्हणजे घराभोवतीची नारळ-सुपारीची बाग. त्यात चौदा माड, तीसेक पोफळी (सुपारीची झाडं), दोन हापूस, एक फणस, दोन रातांबे (कोकम), थोड्या केळी. पुढच्या दारी तुळस, जास्वंद, मोगरा. सासूबाईंना आता वाकवत नाही. दिवाळीत चार दिवस जायचं आहे. गवत कमरेएवढं वाढलंय, पायऱ्या शेवाळल्या आहेत, आणि गावातला एक जण उक्तं (एकरकमी ठरवून) काम घ्यायला तयार आहे. तणनाशक मारतो, मशीन फिरवतो, कचरा पेटवून देतो, दोन दिवसांत आवार लख्ख करतो, असं तो म्हणतो. हे करावं का, आणि चार दिवसांत नेमकं काय उरकावं?

ताई, हे काम उक्तं देऊ नका. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसेल, पण उक्त्या कामात हात घाई करतो आणि पाऊस गेल्यावरचं आगर घाईनं बिघडतं. गेली अठ्ठावीस वर्षं मी स्वतःचं आगर राखतेय, शिवाय बंद घरांची सहा-सात आगरं माझ्याकडे देखरेखीला असतात. दसरा ते तुळशीचं लग्न या दिवसांत मी काय करते आणि मुद्दाम काय करत नाही, ते सांगते.

आधी जमिनीचं बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी फिरले की पुढचे आठ महिने आभाळाचा भरवसा नाही. खाली जांभा, आणि समुद्र इतका जवळ म्हणजे मातीत पुळणीची वाळू मिसळलेली असणारच. अशी जमीन पाणी धरत नाही, चाळणीसारखं खाली सोडून देते. वरून ऑक्टोबरचं ऊन. म्हणजे आज जी ओल मातीत आहे तिच्यावर झाकण घातलं तरच ती टिकणार. हे झाकण पावसानं स्वतःच आणून ठेवलंय: ते गवत, तो पातेरा (पालापाचोळा), त्या पडलेल्या झावळ्या. तो माणूस जे पेटवून देणार आहे, ते तुमच्या माडांचं आठ महिन्यांचं पांघरूण आहे. म्हणून माझ्याकडे नियम एकच: आगरातलं काहीही गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, जात नाही आणि दोन-तीन गोष्टी सोडल्या तर काहीही जळत नाही.

पहिल्या दिवशी कोयतीला हात लावू नका. सासूबाईंना पडवीत खुर्ची द्या आणि त्यांच्याकडून एकेक जागा विचारून घ्या. सुरण कुठे लावला होता, कणगं कुठे, करांदे कुठल्या झाडावर चढवलेत, हळद कुठे. हातात शेवरीच्या काठ्यांचा भारा आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन फिरा आणि प्रत्येक जागी काठी रोवून चिंधी बांधा. कारण या दिवसांत सुरणाचं पान पिवळं पडून आडवं व्हायला लागतं, कणगाचे वेल सुकायला लागतात, आणि नवख्या माणसाला ते सगळं मेलेलं रान वाटतं. वेल कापला की खालचा कंद कुठे आहे याचा पत्ताच जातो. माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मी हेच केलं होतं. गड्याला सांगितलं, सगळं साफ कर. त्यानं केलं. माझ्या सासूबाईंनी जूनमध्ये लावलेली कणगं आम्ही पौषापर्यंत कुदळीनं शोधत होतो. सापडली ती रानडुकरांना, एका रात्रीत. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी काठ्या त्यांनी स्वतः रोवल्या. हळदीलाही आता हात लावायचा नाही. पानं पूर्ण वाळली की मगच तिची काढणी.

त्याच फेरीत पाणी कुठून कसं गेलं ते बघा. आता खुणा ताज्या असतात. उताराच्या टोकाला, गडग्याच्या पायाशी, पन्हळीच्या तोंडाशी काळपट मऊ गाळ साठलेला दिसेल. तुमच्या आगराची वरची सगळ्यात चांगली माती तीच, चार महिन्यांत वाहून तिथे गेलेली. ती घमेल्यानं उचलून माडांच्या बुंध्याशी आणून टाका. बऱ्याच माडांची मुळं या दिवसांत उघडी पडलेली असतात, तिथे ही माती पहिली. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि कुठल्याही विकतच्या मातीपेक्षा ही माती भारी.

तिसरी गोष्ट, गडग्यात आणि घराच्या जोत्यात उगवलेली पिंपळाची, वडाची, उंबराची रोपं. ती आताच उपटा. दगडाच्या सांधीत अजून ओल आहे तोवर मूळ अख्खं सरकन बाहेर येतं. महिन्याभरानं ओढाल तर रोप हातात येईल, मूळ आत तुटून राहील आणि पुढच्या पावसात दुप्पट जोमानं फुटेल. गडग्यावरचं शेवाळ आणि नेचे मात्र राहू द्यात. ते गडग्याचं काही बिघडवत नाहीत, उन्हानं आपोआप सुकतात. पायऱ्यांचं शेवाळ तेवढं पहिल्याच दिवशी काढायचं, कारण त्यावरून घरातली म्हातारी माणसं चालतात. त्यासाठी ॲसिड वगैरे नको, चिऱ्याचं नुकसान होतं. जरा ऊन खाऊ द्या, मग माडाच्या हिरांचा जाड खराटा घेऊन खसाखसा घासा आणि वरून चुन्याची निवळी मारा.

आता कापणी. आधी अंगावर काय घालायचं ते सांगते, कारण मुंबईहून आलेली माणसं स्लीपर घालून गवतात उतरलेली मी दर दिवाळीत बघते. गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे. पाय टाकायच्या आधी काठीनं गवत झोडायचं. आपल्या रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप भरपूर. जेमतेम हात-दीड हात लांब, मातीच्याच रंगाचं, दगडाखाली किंवा पडलेल्या झावळीखाली वेटोळं करून बसतं. म्हणून झावळी कधीही हातानं उचलायची नाही. आकडीनं ओढायची, उलटी करायची, मग हात लावायचा. सोडणांचा, म्हणजे नारळाच्या काढलेल्या सालांचा, ढीगही तसाच. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यातलं काही नको. माणसाला हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. लाल विंचवाचंही तेच. एके काळी कोकणात त्याच्या दंशानं लहान मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून उपचार रूढ केला तेव्हापासून जीव वाचतात, पण त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो. आणखी एक: पायाला चीर, भेग असेल तर अनवाणी चिखलात जाऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. डोंबिवलीला परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की कोकणात चिखलात काम केलं होतं.

गवत कापायच्या मशीनला माझा सरसकट विरोध नाही. मोकळ्या जागेत, वाटांवर, गडग्याच्या कडेनं खुशाल फिरवा. पण झाडाच्या बुंध्यापासून चार हात लांब. माझ्याकडे चार वर्षं वाढवलेलं हापूसचं कलम होतं, छातीएवढं. मशीनवाल्यानं भोवतीचं गवत अगदी सुबक कापलं. आठ दिवसांनी मी वाकून पाहिलं तर जमिनीपासून वीतभर उंचीवर साल गोल सोललेली, एक बोट रुंद पट्टा, आतलं लाकूड पांढरंफटक. वरची पानं तेव्हा हिरवीगार होती. सालीखालून पानांचं अन्न मुळांकडे जातं, ती वाटच तुटली होती. माघात झाड वाळलं. म्हणून बुंध्याभोवतीचं गवत विळ्यानं, बसून, हातानं काढायचं. तेवढ्यासाठी रोजानं बाई लावा. वेळ लागेल, लागू दे.

तणनाशक आगरात नकोच. विहीर तिथेच, हळद-कणगं तिथेच, तुळस तिथेच. शिवाय मेलेलं तण जागेवर वाळतं आणि उघड्या पडलेल्या मातीत दुसरं उगवतं. तणाचा बंदोबस्त त्याच्या बियांवर अवलंबून असतो. रानमोडीला अजून फुलं आलेली नसतात. ती आत्ताच मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी निम्मा त्रास कमी. तिचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून थंडीत फुलली की उशीर झाला. टाकळ्याला मात्र एव्हाना शेंगा धरलेल्या असतात. शेंगा असलेला टाकळा झाडाखाली पसरायचा नाही, खताच्या खड्ड्यात तळाशी घालायचा. बाकीचं कापलेलं गवत दोन दिवस उन्हात वाळवून माडा-पोफळींखाली पसरा, वीतभर जाडीचा थर. खोडाला चिकटवायचा नाही. एक हात जागा मोकळी ठेवायची, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते.

त्याच कारणानं घराच्या भिंतीपासूनही दोन-तीन हात पट्टा पूर्ण स्वच्छ हवा. तिथे पातेरा नको, लाकडाची रास नको, सोडणं नकोत. घराजवळ लख्ख आणि झाडाखाली गच्च, असं माझं गणित आहे.

सोडणांबद्दल विचारलं नाहीत, पण ती चुलीत जाळायच्या आधी ऐका. नारळाचं सोडण पाणी पिऊन फुगतं आणि हळूहळू सोडतं. माडापासून पाच-सहा फुटांवर चर खणून त्यात सोडणं पुरायची असतील तर वाटीचा भाग आभाळाकडे ठेवायचा, म्हणजे त्यात पाणी राहतं. थरावर थर, वर माती. कासरगोडच्या रोपण पिकांच्या संशोधन संस्थेची शिफारसही अशीच आहे, आणि एकदा पुरलेली सोडणं पाच-सात वर्षं कामाला येतात. पण जमिनीवर नुसती मांडायची असतील तर उलटी, पालथी. उताणी ठेवलीत तर अवकाळीची एक सर आली की प्रत्येकात घोटभर पाणी साठेल आणि डेंग्यूचा डास तेवढ्यातच अंडी घालतो. करवंट्या, फुटके डबे, केळीच्या पडलेल्या खोडांच्या खोलगट सोपट्या, सगळं याच नजरेनं बघा.

आता माड. माडावर चढणारा पाडेली आजच फोन करून ठरवा, दिवाळीत ऐनवेळी कोणी मिळत नाही. आणि तो चढायच्या आधी त्याला तीन गोष्टी बजावून सांगा.

पहिली, हिरवी झावळी कापायची नाही. पाडेल्यांना शेंडा मोकळा दिसला की काम झाल्यासारखं वाटतं, मालकांनाही ते आवडतं. पण माडाला महिन्याला साधारण एकच नवी झावळी येते, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. खालची हिरवी झावळी वरच्या घडाला टेकू देत असते. ती कापलीत तर घड लोंबतो, देठ मोडतो. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरला की बाहेरून कळेपर्यंत माड गेलेला असतो. वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयींचे सांगाडे, जाळ्या, तेवढंच काढायचं. अगदीच एखादी हिरवी कापावी लागली तर तीन-चार फूट देठ राखून. आणि चढायला खोडात खाचा पाडणारा माणूस असेल तर त्याला परत पाठवा, मग नारळ उतरले नाहीत तरी चालतील.

दुसरी, सुईत, म्हणजे मधल्या न उघडलेल्या कोंबात, भोक दिसतं का ते बघायचं. खालून तुम्हालाही ओळखता येतं: उघडलेल्या झावळीची पाती कात्रीनं तिरपी कापल्यासारखी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसली की तो गेंड्या भुंगा. वर भोकातून चघळलेल्या चोथ्याचा झुबका बाहेर आलेला असतो. तारेची आकडी घालून भुंगा ओढून काढायचा. चांगला अंगठ्याएवढा, काळा, डोक्यावर शिंग. मग वाळू आणि निंबोळी पेंड समभाग मिसळून वरच्या तीन झावळ्यांच्या बगलांत भरायची. एका माडाला दोन्ही पाव-पाव किलो पुरतात. हे वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर, डिसेंबर. सप्टेंबरचं राहिलं असेल तर आता भरा.

पण भुंगा वर दिसत असला तरी जन्मतो खाली. कुजलेल्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या भागापासून उत्तरेला श्रीवर्धनपर्यंत किती माड-पोफळी आडव्या झाल्या ते तुम्हाला माहीत आहेच. ज्यांनी पडलेली खोडं तशीच ठेवली त्यांच्या आगरांत पुढची दोन-तीन वर्षं भुंगा मावत नव्हता. तुमच्याकडे असं खोड कुठे कुजत पडलं असेल तर कुऱ्हाडीनं फोडा, आतल्या पांढऱ्या गलेलठ्ठ अळ्या कोंबड्यांना घाला आणि ते लाकूड मात्र जाळा. जाळायच्या दोन-तीन गोष्टींतली ही एक. खताचा खड्डाही एकदा वरखाली करा, अळ्या सापडतीलच. दर वर्षी हा त्रास असेल तर मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती खड्ड्यात मिसळली की अळ्या आतल्या आत मरतात.

तिसरी, कोंब ओढून बघायचा. हाताला सहज येत असेल आणि कुजका वास असेल तर कोंबकूज. कुजलेला भाग खरवडून तिथे बोर्डो पेस्ट लावायची. घरी करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरायची, उरलेली ठेवायची नाही.

पोफळींचं काम कमी आहे. पावसात कोळेरोग झाला असेल तर काळे पडलेले, वाळलेले घोस अजून झाडावर लटकत असतील. ते उतरवून जाळा, पुढच्या वर्षीचा रोग तिथेच बसलेला असतो. आणि लहान पोफळींना नैर्ऋत्येकडून झावळीचा आडोसा द्या. दुपारनंतरचं तिरपं ऊन खोड भाजतं, साल तडकते, आणि तो डाग झाडाला जन्मभर राहतो. नवीन लावलेल्या माडाच्या रोपालाही मे अखेरपर्यंत असंच झाप हवं.

आंब्याच्या बाबतीत एकच सांगणं, आणि ते मी हात जोडून सांगते: पाणी घालू नका. मुंबईहून आलेली माणसं मायेनं पहिलं पाणी हापूसला घालतात. मोठ्या झाडाला आता ताण हवा असतो. जमीन सुकत गेली आणि थंडी पडली की मोहोर येतो. आता पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटत राहते. आंब्याखाली गवताचा थरही आता नको, फळ वाटाण्याएवढं झालं की मग पाणी आणि आच्छादन दोन्ही. आत्ता करायचं ते बांडगूळ काढायचं. आंब्याच्या पानांत वेगळीच जाड पानं आणि नळीसारखी तांबूस फुलं दिसली की ते बांडगूळ. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याचं चिकट बी फांदीवर पुसून जातो. नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. ते जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खालून, म्हणजे खोडाच्या बाजूनं, फांदीच कापा आणि कापल्या जागी तीच बोर्डो पेस्ट फासा. आतल्या वाळक्या काटक्याही काढा, म्हणजे ऊन आत जाईल. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड आहे. भोक शोधून तारेनं अळी काढा, तिथे वेळ घालवलात तरी वाया जाणार नाही.

रातांब्यांपैकी एकाला कधीच फळ येत नाही, तो काढून टाकू का, असं तुमच्या त्या माणसानं सुचवलं असेल तर ऐकू नका. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. तो नर असेल, आणि त्याच्यामुळेच शेजारचा धरत असेल.

विहिरीवर एक संध्याकाळ द्या. आतला पालापाचोळा जाळीनं काढा, काठावरची झुडपं उपटा, मग ब्लीचिंग पावडर. प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. पाणी किती ते असं काढा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, गुणिले तोच व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, की लिटर आले. तीन मीटर रुंद आणि चार मीटर पाणी असेल तर २८,००० लिटरच्या आसपास, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली पाण्यात खालीवर हलवा. रात्री केलंत तर सकाळी पाणी वापरायला मोकळं.

घराचं एक काम चढायचं नाही, फक्त बघायचं आहे. कौलं परतायची ती एप्रिल-मेमध्ये, पण गळकी जागा कुठली हे तेव्हा कुणालाच आठवत नाही, कारण डाग सुकलेले असतात. आता वाशांवर, भिंतींवर ओघळ स्पष्ट दिसतात. प्रत्येक ठिकाणी गेरूनं एक फुली मारा. मे महिन्यात कौलं परतणारा येईल तेव्हा तुम्ही डोंबिवलीला असलात तरी फुल्या बोलतील. आणि पडवीच्या झडी (पावसाचे आडोसे), पन्हळी घाईनं उतरवू नका. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळाचा पाऊस आला होता, २००९ मध्ये फयान तर ११ नोव्हेंबरला. घड धरलेल्या केळींना काठीचा टेकूही याचसाठी राहू द्या.

पुढच्या दारचं थोडक्यात. जास्वंदीच्या वाळक्या, किडक्या फांद्या काढा, शेंड्याला पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा. वेळ उरला तर हातभर रुंदीचे दोन वाफे करून लाल माठ आणि मुळा फेका. सासूबाईंना खुर्चीवर बसून झारीनं पाणी घालता येईल एवढ्या अंतरावर. पडवळ, दोडक्याचं एकेक फळ बियाला वेलावरच राखलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय मांडव मोडू नका.

गडग्याच्या पलीकडे माळरान असेल तर त्या बाजूनं आठ-दहा फुटांचा पट्टा गवतविरहित ठेवा. माघ-फाल्गुनात वणवा लागतो तेव्हा तो पट्टाच आगर वाचवतो. पातेरा झाडाखाली साठवायचा तर ही काळजी घ्यावीच लागते.

तुम्ही परत निघाल तेव्हा माडांची आळी करून ठेवा. पावसात बुंध्याशी मातीची भर होती, आता उलट, बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल काठ. आत दोन घमेली शेणखत, वर गवताचा थर. खताचे हप्ते नेमके किती, हे भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात माडांचं वय सांगून विचारा. पाणी कधी सुरू करायचं याची तारीख मी देत नाही. शेजारी जे कुणी बघणार असतील त्यांना सांगा, थर बाजूला करून वीतभर खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पाणी नको, भुगा झाला तर त्या दिवसापासून. मोठ्या माडाला मग दर चार दिवसांनी साधारण २०० लिटर, लहान रोपांना थोडं थोडं पण लवकर लवकर.

मोगऱ्याला मात्र आता काही करू नका, पाणीसुद्धा नको. डिसेंबरच्या शेवटी मुलांच्या सुट्टीत येणार असाल तेव्हा त्याची पानं खुडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, बुंध्याशी शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी सुरू करा. उन्हाळा लागला की सासूबाईंना रोज ओंजळभर कळ्या मिळतील.